बसायपुरती जागा

देवाने माझं ऐकलं, तिथूनच सगळं बिघडलं. नसतं ऐकलं तर आज बार्शी रस्त्याला माझाही तीन मजली बंगला असता, आणि दर साली मार्गशीर्षातल्या अमावस्येला दुसऱ्याच्या भाडेकरूंसाठी पातेलंभर भज्जी शिजवायची वेळ माझ्यावर आली नसती.

माझं माहेर धर्माबादकडचं. वडील मिरचीच्या व्यापारात, त्यामुळे घरात बोलण्यापासून वरणापर्यंत सगळंच तिखट. दिलं मला लातूरजवळच्या एका खेड्यात, लिंगायत शेतकऱ्याच्या घरी. घरात दोन भाऊ. थोरले आमचे मालक, धाकटे माझे भावजी. भावजींची बायको, म्हणजे माझी जाऊ, उदगीरच्या पलीकडची. अंगानं काडी, बोलणं अर्धं कानडी, आणि मला ‘अक्का’ म्हणायची ती अशा सुरात की सासूला वाटायचं, केवढी गरीब गाय आपल्या दावणीला आली. मला पहिल्या दिवसापासून संशय होता की या गायीने शिंगं पदराखाली ठेवली आहेत.

जमीन दोन ठिकाणी होती. नदीच्या अंगाला काळं रान. तिथली ज्वारी अशी वाढायची की आत शिरलेला माणूस शोधायला हाक मारावी लागायची. दुसरा तुकडा बार्शी रस्त्याला लागून, लातूर शहराच्या बाजूला. त्याला सगळे नुसता ‘माळ’ म्हणत. दगड, कुसळं आणि तरवडाची झुडपं. तिथं जनावरंसुद्धा नाइलाजानं चरायची. माळाच्या मधोमध एक जुनी विहीर होती, तेवढीच काय ती त्याची अब्रू.

बाहत्तरच्या दुष्काळात काळं रान फाटलं. वासराचा पाय अडकेल एवढ्या भेगा पडल्या. गावच्या गाव खडी फोडायला गेलं आणि अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी गिळायला शिकलं. आमचं घर स्वतःला जरा मोठं समजणारं. आमच्या बायका कामावर जात नसतात, असं सासू उपाशीपोटीही सांगायची. पण मोठेपणा भाजून खाता येत नाही. थोड्याच दिवसांत आम्ही दोघी जावा तोंडावर पदर ओढून खडीवर बसलो.

तिथं हजेरीचे पैसे ज्याच्या त्याच्या हातात मिळत. माझ्या हातात आलेले ते पहिले पैसे. मी घरी आले आणि ते तसेच मालकांच्या हातावर ठेवले. ठेवायचेच असतात, अशी माझी समजूत. जावेनं थोडे भावजींना दिले आणि उरलेले कमरेच्या चंचीत घातले. पान-सुपारीची चंची, कुणाला संशयही येणार नाही. सासूला म्हणाली, तेवढेच मिळाले. मी डोळ्यांनी बघितलं होतं. सांगून टाकावं असं फार वाटलं, पण चुगली करायलाही पैसे लपवण्याएवढीच हिंमत लागते, आणि ती तेव्हा माझ्यात नव्हती.

त्या दोन सालांत माळावरच्या विहिरीनं आम्हाला जगवलं. पाणी घोट्याएवढंच, पण आटलं नाही. भावजी दिवसभर तिथं बसून बादली खाली सोडायचे, पिंप भरायचे, बैलगाडीनं घरी आणायचे. ते करता करता माणूस विहिरीचाच होऊन गेला. दुष्काळ सरत आला तसे सासरे गेले. त्यांना काळ्या रानात, लिंबाच्या झाडाखाली माती दिली. मग वर्षश्राद्धाआधीच दोन चुली झाल्या. दुष्काळात एका चुलीवर निभावलेली माणसं ढग दिसले की लगेच वेगळी होतात, हे मी पुढं बऱ्याच घरांत पाहिलं.

आमच्याकडे वाटणीची रीत सोपी आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करणार नाही आणि धाकटा मागून रडणार नाही. मालकांनी वाटे पाडले. एका बाजूला काळं रान आणि राहतं घर. दुसऱ्या बाजूला माळ, त्यातली विहीर, बैलजोडी आणि गावातली पडकी जागा. माळ काळ्या रानाच्या दुप्पट होता, म्हणून कागदावर सारखंच दिसत होतं. पण डोकं जागेवर असलेला कोणीही काळं रानच उचलणार, हे मला कळत होतं, आणि आधी उचलणार होते भावजी.

मी घरी बाजाराचं निमित्त सांगून लातूरच्या सिद्धेश्वराला गेले. आमच्या धर्मात गळ्यातलं लिंग हाच देव. देवळात जाऊन गाऱ्हाणं घालायचं नसतं, असं आमचे स्वामी सांगत. पण गळ्यातल्या देवाला आपल्या साऱ्या लबाड्या आधीच ठाऊक असतात. देवळातल्याला निदान नव्यानं काही सांगता येतं. मी सांगितलं, काळं रान आमच्याकडे येऊ दे. आलं तर दर येळवसीला धाकट्याच्या घरादाराला त्याच रानात पोटभर जेवू घालीन.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. माझ्या माहेरी तिचं एवढं काही नव्हतं. पण लातूरकडे त्या दिवशी माणूस घरात राहत नाही. रानात कडब्याची खोपटासारखी कोपी करायची, तीत पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, आंबिलीची बिंदगी, म्हणजे मडकं, डोक्यावरून न्यायची आणि ओल्या तुरीच्या, वालाच्या, हरभऱ्याच्या दाण्यांची भज्जी आणि बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे खाऊन झाडाखाली आडवं व्हायचं. ज्याला रान आहे त्यानं बिनरानाच्याला बोलवायचं. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारायची. माझ्या नवसात औदार्य दिसतं, पण तसं काही नव्हतं. दगडाच्या माळावर पिचलेली जाऊ दर साली येईल, खाली मान घालून जेवेल आणि मी तिला ‘घे गं, लाजू नको’ म्हणत वाढीन, हे चित्र मला देवापेक्षा जास्त प्रिय होतं.

वाटणीच्या दिवशी पंच ओसरीवर बसले. भावजी उठले. काळ्या रानाकडे एकदाही न बघता म्हणाले, ‘‘मला माळ द्या. पाणी तिथं जीव.’’

पंचांपैकी एक जण हसला आणि त्यानं खोकल्याचं सोंग आणलं. मी आत जाऊन गुळाचा खडा तोंडात टाकला. जाऊ चुलीपाशी होती. ती पीठ मळत राहिली. मला वाटलं, तिला कळलंच नाही आपलं काय झालं ते.

पुढची सालं माझी होती. पाऊस आला, काळं रान भरलं. पहिल्या येळवसीला जाऊ पोरांचा हात धरून चालत आली, अंगावर विटलेलं लुगडं. मी चित्रातल्यासारखं वाढलं. ‘‘घे गं, लाजू नको.’’ ती घेत होती आणि लाजत नव्हती, एवढाच चित्रात फरक. भज्जी चांगली झाली म्हणाली आणि थोडी बांधून मागितली.

मग लातूर जिल्हा होणार अशी हाकाटी उठली. आधी कुणी मनावर घेतलं नाही. उस्मानाबादेला जायचं ते लातूरला जायचं, एवढाच फरक पडणार, असं मालक म्हणाले. पण जिल्हा म्हणजे कलेक्टर, कलेक्टर म्हणजे कचेरी, कचेरी म्हणजे कारकून आणि कारकुनाला राहायला घर पाहिजे. हे मालकांच्या लक्षात आलं नाही. जमिनीच्या दलालांच्या मात्र झोपेतही लक्षात होतं. आणि शहर वाढायला निघालं ते नदीकडे नाही, बार्शी रस्त्याकडे.

ज्या माळावर कुसळांशिवाय काही उगवलं नव्हतं, तिथं चुन्याच्या रेघा उगवल्या. भावजी भोळे होते. पहिल्या दलालानं त्यांना चहा पाजून अर्धा माळ गिळला असता. पण जावेनं दारात पाट टाकला आणि सगळ्या दलालांना तिथंच बसवलं. ती उंबऱ्याच्या आत, ते बाहेर. कानडीत पुटपुटून मराठीत भाव सांगायची. समोरच्याला वाटायचं बाईला हिशेब कळत नाही, म्हणून तो निष्काळजी व्हायचा आणि फसायचा. प्लॉट विकले, पण एक चांगला कोपऱ्याचा स्वतःच्या नावावर करून घेतला. त्यावर खोल्या बांधल्या, खोल्यांत नव्या जिल्ह्याचे कारकून आणि मास्तर ठेवले. भाडं तिच्या हातात यायचं आणि चंचीत जायचं. ज्या विहिरीसाठी भावजींनी माळ उचलला ती मात्र बुजवावी लागली. ती नेमकी एका प्लॉटच्या स्वयंपाकघरात येत होती.

मला तिच्या बंगल्याचं दुःख फार नव्हतं. थोडं होतं, खोटं कशाला बोलू. पण खरा काटा ती चंची होती. गंजगोलाईत बाजाराला दोघी गेलो की ती मला न विचारता एखाद्या हॉटेलात शिरायची. पुरुषांच्या मधोमध बाकावर बसायची, चहा सांगायची, चंचीचा बंद सोडून पैसे टाकायची आणि उठायची. मालक वाईट नव्हते. मी मागितलं आणि त्यांनी नाही म्हटलं असं कधी झालं नाही. पण ‘कशाला पायजे?’ असं विचारल्याशिवाय त्यांनी कधी दिलंही नाही. दोऱ्याच्या रिळाला कारण सांगावं लागायचं. कारण सांगून घेतलेल्या दोऱ्यानं शिवलेली चोळीही मला अंगाला आवळायची.

आणि वर नवस. नव्या जिल्ह्याच्या पहिल्या येळवसीला बाहेरून आलेले साहेब लोक कचेरीत जाऊन बसले, तर शिपाईसुद्धा आला नव्हता. दुकानं बंद, रस्ते मोकळे. त्यांना वाटलं दंगल झाली. जावेनं सगळ्यांना धीर दिला आणि जीपमध्ये घालून माझ्या रानात आणलं. मी म्हटलं, हे कोण? ती म्हणाली, भाडेकरू. नवसात मी घरादाराला जेवू घालीन म्हटलं होतं, आणि भाडेकरू घरातच राहतात, असं तिचं म्हणणं. नवस मी तिला कौतुकानं सांगून बसले होते, ही माझी दुसरी चूक. पुढच्या साली भाडेकरूंचे पाहुणे आले. त्याच्या पुढं एक डॉक्टर सहकुटुंब आला. तो भाडेकरूही नव्हता, त्याला नुसता प्लॉट घ्यायचा होता. माझ्या भज्जीवर तिचे सौदे जुळायला लागले.

मी माहेरून धर्माबादची मिरची मागवली आणि भज्जीत मुठीनं घातली. साहेब लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण जाऊ पुन्हा मागायची. म्हणायची, ‘‘अक्का, औंदा चव लई उतरलीय.’’ भाऊ मिरची पोचवायला आला होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘तू कशाला जळून राहिलीस? तुला पायजे होतं ते तुला मिळालं न्हाई का?’’ मी त्याला उंडा दिला आणि त्याचं तोंड बंद केलं.

शेवटी मी आमच्या स्वामींना गाठलं. नवस फेडून संपवायची काही सोय आहे का, विचारलं. स्वामी त्या वेळी माझ्याच रानात, माझ्याच पत्रावळीवर बसले होते. त्यांनी तोंडातला घास संपवला, डोळे मिटले आणि सांगितलं, जोवर रान तुझं आहे तोवर नवस तुझा आहे. मग खीर मागितली. शास्त्र आणि खीर एका जागी आली की शास्त्र कुणाच्या बाजूनं लागणार, हे मला आधीच कळायला हवं होतं.

अशी बरीच सालं गेली. आमच्या रानाकडे शहर कधी आलं नाही, टिटव्या तेवढ्या आल्या. मालक गेले तेव्हा त्यांना लिंबाखालीच, सासऱ्यांच्या शेजारी माती दिली. सातबाऱ्यावर माझं नाव लागलं आणि माझ्या मुलीचं. ती नांदेडला दिलेली आहे. तलाठ्यापासून चुलतभावांपर्यंत सगळे म्हणाले, पोरीचं हक्कसोड घेऊन टाका. मी विचारलं, सोडायचं काम सगळं बायकांनीच घेतलंय का? मुलगी म्हणाली, आई, तू आहेस तोवर रानाचं मला काही विचारू नको.

पहिलं पीक विकल्यावर मी गंजगोलाईत गेले. आधी एक चंची घेतली. मग एका हॉटेलात शिरून बाकावर बसले, चहा सांगितला आणि पैसे टाकले. कशाला पायजे, असं कुणी विचारलं नाही. चहा पाणचट होता. पण पैसे माझे असल्यामुळे मला तक्रार करता आली. दुसरा करून आणायला लावला. तोही पाणचटच होता, तरी मी तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्याले. उतारवयात पहिल्यांदा कुणाच्या देखत मला असं मोकळं वाटलं.

जावेचं मात्र उलट चाललं होतं. भावजी आधीच गेले होते. विकता विकता माळाची शेवटची पट्टीही विकली गेली होती, त्यामुळे त्यांना शहरातल्या लिंगायतांच्या स्मशानभूमीत माती दिली. पोरं पुण्याला. बंगल्यात ती आणि भाडेकरू. येळवसीला अजून यायची, आता मोटारीतून, गुडघे धरत. एका सालची गोष्ट आहे. जेवणं झाली, पाहुणे झाडाखाली घोरत होते. ती माझ्यापाशी येऊन बसली आणि पातेल्याला लागलेली भज्जी बोटानं खरवडायला लागली.

‘‘अक्का, एक मागू का?’’

‘‘माग की. आनखी कोन भाडेकरू ऱ्हायलाय का जेवायचा?’’

‘‘मला हितं जागा द्या.’’

‘‘कशाला? माझ्या बी रानाचे प्लॉट पाडतीस का?’’

‘‘बसायपुरती,’’ ती म्हणाली. ‘‘बसायपुरतीच पायजे.’’

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, माती देतात आणि तीही बसवून. त्यामुळे झोपण्याएवढीही जागा लागत नाही. मेल्यावरसुद्धा आम्ही दुकानात गल्ल्यावर बसल्यासारखे बसतो. तिनं आख्ख्या माळाचे तुकडे करून लातूरला वाटले, शेकडो लोकांना जागा दिली, आणि स्वतः बसायला तिच्याकडे हातभर माती उरली नव्हती. असली चूक दुसरं कोण करणार?

मी म्हटलं, भावजी आहेत तिथं बस की. ती पातेल्यातून बोट काढून लुगड्याला पुसत म्हणाली, ‘‘त्यांची जागा आता घावत न्हाई मला. दर साली नवे दगड बसतेत, जुने सरकतेत. मागच्या येळंला मी कुनाच्या तरी दगडावर पानी घालून आले.’’

मग ती लिंबाकडे बघत म्हणाली, ‘‘हे रान मी बी मागितलं होतं, अक्का. वाटनीच्या आधी मी पन सिद्धेश्वराला गेलते. त्यानं तुमचं ऐकलं.’’

‘‘मग उचललं का न्हाई?’’

‘‘मला कोन इचारलं? ह्यांनी हिरीकडं बगितलं आन् मोकळे झाले.’’

खरं सांगते, मला आधी आनंद झाला. इतका झाला की पदर तोंडाला लावावा लागला. ही बाई, जिच्या बंगल्याकडे, चंचीकडे, चहाकडे बघून मी इतकी सालं रक्त आटवलं, ती माझ्या रानात जेवताना दर येळवसीला हेच रान डोळ्यांनी गिळत होती. आणि मग तो आनंद माझ्याच घशाशी आला. मला मागितलेलं मिळालं होतं, तरी मी माझ्या ज्वारीकडे कमी आणि तिच्या माळाकडे जास्त बघितलं. तिच्या पदरात तर न मागितलेलं पडलं होतं. तिनं दगडावर बसून दलाल फसवले, खोल्या बांधल्या, आणि त्या दिवशी पीठ मळत जे गप्प राहिली ते आज पहिल्यांदा बोलली. मला तिचा राग येत होता, आणि तिच्यासाठी रडूही येत होतं. दोन्ही एकाच वेळी येत असलं की माणूस फार बावळट दिसतो, म्हणून मी भांडी आवरायला लागले.

आवरता आवरता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझ्या मालकीचं काहीतरी कुणी माझ्याकडे मागत होतं, आणि द्यायचं की नाही हे मला कुणालाच विचारायचं नव्हतं. अशी संधी आयुष्यात एकदा येते. ती मी फुकट कशी घालवणार?

मी म्हटलं, ‘‘बार्शी रस्त्याला आता फुटाचा काय भाव चाललाय?’’

तिनं भाव सांगितला. सांगताना तिचा आवाज आपोआप उंबऱ्याच्या आत बसलेल्या बाईसारखा झाला. मी म्हटलं, मला पैसे नकोत. पुढच्या साली येळवस तू करायची. भज्जी तू शिजवायची, आंबील तू आंबवायची आणि बिंदगी तुझ्या डोक्यावर. मोटार बांधावर ठेवून चालत यायचं. सगळ्या भाडेकरूंना तू वाढायचं आणि मी बसून जेवणार. माझा नवस आता तुझ्या गळ्यात. तिनं थोडा वेळ घासाघीस केली. उंडे कमी करा म्हणाली, आंबिलीला एखादी बाई लावू का म्हणाली. मी हटले नाही. शेवटी ती ‘हाव’ म्हणाली.

पुढच्या साली ती खरंच आली. रेशमी लुगडं, पायात काही नाही, डोक्यावर बिंदगी. बांधावरून येताना दोनदा तोल गेला आणि आंबील तिच्या कानावरून गळ्यात उतरली. भाडेकरू मदतीला धावले, तिनं त्यांना हाकललं. भज्जी तिनं इतकी तिखट केली होती की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, ‘‘घ्या अक्का, लाजू नका.’’ आजपर्यंतची सगळी मिरची तिनं ध्यानात ठेवली होती.

जेवणं झाल्यावर मी खुरपं घेतलं आणि लिंबाखाली गेले. सासरे आणि मालक एका ओळीत आहेत. त्यांच्या पलीकडे मी मातीत एकमेकांना लागून दोन चौकोन काढले. एक काळ्या भुसभुशीत मातीत, दुसरा बांधाकडे, जिथं रानातले वेचलेले दगड आम्ही टाकत आलो होतो. माझ्या मनात पहिला माझा होता. पण रीत ती रीत. मी थोरली, मी वाटे पाडले होते. आता उचलायचं तिनं.

‘‘उचल,’’ मी म्हणाले.

या वेळी मी देवाकडे काही मागितलं नव्हतं. मागायचं सुचलंही नाही. ती दोन्ही चौकोनांभोवती एकदा फिरली, प्लॉट बघायला आलेलं गिऱ्हाईक फिरतं तशी. मग दगडांच्या बाजूला जाऊन खाली बसली. मांडी घालून, पाठ ताठ, हात गुडघ्यावर. बसून बघितलं.

‘‘हे माझं,’’ ती म्हणाली. ‘‘काळ्यात जवारी येऊ द्या. मला दगडाची सवय हाय. आन् औंदा मी सोता उचललंय.’’

मी तिच्या शेजारी, माझ्या चौकोनात बसले. मधली खुरप्याची रेघ पायाखाली आली आणि पुसली गेली. दोघी तिथंच पान खात बसलो, दोघींच्या चंच्या उघड्या.

त्याला आता काही सालं झाली. दोघी अजून धडधाकट आहोत आणि जागा मोकळी ठेवायची माझ्या घराण्याची पद्धत नाही, म्हणून यंदा दोन्ही चौकोनांत मी हरभरा टोकला. दगडाच्या बाजूचा जरा कमी आला, पण आला. काढणीच्या आधीच बार्शी रस्त्याहून जावेचा निरोप आला, ‘माझ्या जागेतला हरभरा माझ्या घरी पोचला पाहिजे.’ तिचा हरभरा मी वेगळा काढला, पाखडला, पिशवीत भरला आणि मोटारीनं तिला पाठवून दिला. मालकीण आहे ती.